कडू घासाचा पुरावा

आठवीच्या वर्गात मी दरवर्षी फळ्यावर एक त्रिकोण काढते. तळाला तालुक्याची न्यायालयं, त्यावर जिल्हा न्यायालय, त्यावर उच्च न्यायालय आणि अगदी टोकाला दिल्लीचं सर्वोच्च न्यायालय. मग पुस्तकात आहे ते सांगते, की आपला देश संघराज्य असला तरी न्यायव्यवस्था एकच आहे. कायदा दिल्लीत झालेला असो की मुंबईत, दाद मागायची ती याच पायऱ्या चढून. पोरं पट्टीने रेघा मारतात आणि परीक्षेत पाच गुण घेऊन मोकळी होतात. अठरा वर्षं मी हा त्रिकोण काढते आहे. त्याच त्रिकोणाच्या दुसऱ्या पायरीवरून माझी माय खाली आली आणि तिला धक्का देणाऱ्यांत मीही होते. हे मी रागात लिहिते आहे. राग उतरू दे, मग लिही, असं मला घरच्यांनी सांगून पाहिलं. तो उतरायची वाट बघितली तर हे लिहिणं राहूनच जाईल.

केनवडच्या शिवारात आमचा दीड एकराचा मळा आहे. वडील गेल्यापासून माय तो एकटी करते. मेथी, पालक, वांगी आणि मुख्य म्हणजे सांबार. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात, आणि मायच्या सांबाराच्या जुड्या बाजारात पोहोचायच्या आत निम्म्या संपतात. मळ्यात जायला शेजारच्या शेताच्या कडेने एक वाट होती, बैलगाडी जाईल एवढी. माझा आजा त्याच वाटेने गेला, बापही गेला. ज्याचा आणि आपला धुरा, म्हणजे बांध, एक असतो त्या शेजाऱ्याला धुरेकरी म्हणतात. आमच्या धुरेकऱ्याने एका वर्षी शेताची मोजणी केली, नकाशात वाट दिसत नाही असं त्याला कळलं, आणि त्याने तिच्या तोंडाशी लाकडी खांब रोवून काटेरी तार ओढली.

तेव्हापासून माय भाजीचे भारे डोक्यावर घेऊन नाल्यातून येते. उन्हाळ्यात नाला म्हणजे नुसते गोटे. श्रावणात गुडघाभर पाणी असतं आणि डोक्यावर ओल्या पालकाचं ओझं. एकदा पाय घसरून पडली तेव्हा हाताचं मनगट मोडलं. साठी उलटलेल्या बाईने आणखी किती वर्षं असं यायचं? वाट मिळाली नाही तर मळा पडीक पडणार, आणि मळा पडीक पडला तर माय घरात बसून वाळून जाणार, हे मला तेव्हाही दिसत होतं आणि आजही दिसतं. आम्ही तालुक्याच्या न्यायालयात खटला लावला तो एवढ्यासाठी. शेत कुणाचं आहे यावर भांडण नव्हतंच. चालायला आठ फूट जागा हवी होती.

तालुक्याच्या न्यायालयात आम्ही हरलो. नकाशात वाट नाही, साक्षीदार नात्यातले, वहिवाट सिद्ध होत नाही. मी रडले. माय रडली नाही. ती म्हणाली, "खालच्याले नाई समजलं तर वरच्याले सांगू. तूच त सांगतं ना पोराहीले, वर वर जाता येते म्हून." मग आम्ही जिल्ह्याला अपील केलं. दर तारखेला माय पहाटेचं काम उरकून, नऊवारी बदलून, एसटीने वाशीमला जायची. न्यायालयाच्या आवारात चिंचेखाली बसायची, पुकारा झाला की उठायची, पुढची तारीख ऐकून परत यायची. मला सुटी मिळाली तर मी सोबत असायचे.

हे चालू असतानाच धुरेकरी गेले. शेतातून आले, पाणी मागितलं आणि ओट्यावरच कलंडले.

आता इथे आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. ज्या घरी मयत होते त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. माती देऊन माणसं परतली की बाहेरून भाकरी-पिठलं येतं आणि घरच्यांना बळेच भरवलं जातं. त्याला कडू घास म्हणतात. आमच्या गावात हा पहिला घास धुरेकऱ्याच्या घरचा असतो. नातेवाईक नंतर. का, ते कुणाला विचारलं तर कुणी सांगत नाही. जन्मभर ज्याच्याशी बांधावरून कुरकुर झाली त्यानेच आधी यावं, असं कुणी तरी कधी तरी ठरवलं असणार.

माय त्या दिवशी परातीत पीठ घेऊन बसली तेव्हा मी म्हटलं, "माय, आपलं त्यांच्याशी कोर्टात चालू आहे."

"मंग? कोर्टातलं कोर्टात. मेलेल्या मान्साशी कायचं भांडन?"

तिने टोपलीत भाकरी ठेवल्या, पिठल्याचं पातेलं घेतलं आणि गेली. काकी, म्हणजे धुरेकऱ्यांची बायको, तिच्या गळ्यात पडून रडली. मायने पहिला घास तिच्या तोंडात घातला. तेरवीला तर माय सकाळपासून त्यांच्या अंगणात होती. दोनशे माणसांच्या पंगतीची वांग्याची भाजी तिने केली. वांगी आमच्या मळ्यातली, त्याच नाल्यातून डोक्यावरून आणलेली. तारेबद्दल ती एक शब्द बोलली नाही. काकीही बोलली नाही.

आणि धुरेकरी वारले हे आम्ही आमच्या वकिलांना सांगितलं नाही.

कुणी म्हणेल, इतकं कसं सुचलं नाही? नाही सुचलं. मायला वाटलं, ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद झाली, म्हणजे सरकारदरबारी कळलं. कोर्ट म्हणजेही सरकारच. शिवाय त्यांचा वकील होताच की, तो सांगेल. तिचं जाऊ द्या, तिसरीपर्यंत शिकलेली बाई. मी काय करत होते? मी त्या वर्षी फळ्यावर तोच त्रिकोण काढत होते आणि न्यायव्यवस्था एकच आहे म्हणून सांगत होते. त्या त्रिकोणात मेलेल्या माणसाला आपण होऊन नेऊन दाखवावं लागतं, हे मला ठाऊक नव्हतं. पुस्तकात नाही. असायला हवं. मुलांना पायऱ्यांची नावं पाठ करायला लावण्यापेक्षा हे सांगितलं असतं तर त्यांच्या घरी उपयोगी पडलं असतं.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर दर तारखेला त्या मेलेल्या माणसाच्या नावाचा पुकारा होत राहिला. त्यांचे वकील उठून पुढची तारीख मागत राहिले. माय चिंचेखालून उठत राहिली, बसत राहिली. मग युक्तिवादाचा दिवस आला. आमचे वकील फाईल उघडून उभे राहिले, तर समोरचे वकील शांतपणे म्हणाले की माझे पक्षकार मयत आहेत, मुदतीत वारस रेकॉर्डवर आणलेले नाहीत, अपील संपलेलं आहे.

आमचे वकील माझ्याकडे वळले. भला माणूस, पण हातात एका वेळी इतक्या फायली की त्याला स्वतःचं घर आठवत असेल की नाही शंका. "बाई, केव्हा वारले?"

"मागच्या पोळ्याच्या आधी."

त्यांनी फाईल मिटली. बाहेर व्हरांड्यात येऊन त्यांनी मला नियम समजावला. तुम्ही ज्याच्यावर दावा लावला तो मेला, तर नव्वद दिवसांच्या आत त्याचे वारस त्याच्या जागी आणायचा अर्ज तुम्ही द्यायचा. नाही दिला तर त्याच्याविरुद्धचं अपील आपोआप संपतं. त्यासाठी कुणाला आदेशसुद्धा द्यावा लागत नाही. त्यानंतर साठ दिवसांत ते पुन्हा उभं करायचा अर्ज देता येतो. तीही मुदत गेली असेल तर उशीर माफ करा म्हणून वेगळा अर्ज, आणि त्यात उशिराचं कारण द्यावं लागतं. "आणि त्यांच्या वकिलांनी सांगायला नको होतं?" मी विचारलं. ते म्हणाले, हो, तोही नियम आहे. पक्षकार वारल्याचं वकिलाला कळलं की त्याने न्यायालयाला सांगायचं असतं. "पण नाही सांगितलं तर?" ते हसले. मला त्या हसण्याचा आजही संताप येतो, कारण त्यात वाईटपणा नव्हता, सवय होती.

अर्ज तयार झाला. सोबत मायचं शपथपत्र. आठ दिवसांनी मी ते बघायला गेले. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं, की उत्तरवादीच्या, म्हणजे धुरेकऱ्यांच्या, मृत्यूची माहिती अपीलकर्तीस अलीकडेपर्यंत नव्हती. मी ते दोनदा वाचलं. वकिलांना म्हटलं, "हे खरं नाही. आम्ही तेरवीला होतो." ते म्हणाले, "बाई, सगळ्या अर्जांत हेच कारण असतं. माहिती होती म्हणून लिहिलं तर उशीर कशाने झाला सांगाल? कोर्टाला सांगायचं असतं हे माहीत नव्हतं? कायदा माहीत नाही हे कारण होत नाही."

मी गप्प बसले. मी, जी कॉपी करणाऱ्या पोराला वर्गात उभं करते, ती गप्प बसले. मायने सही करायच्या आधी विचारलं, "काय लिवलं याच्यात?" मी म्हटलं, "उशीर झाला म्हणून माफी मागितली आहे." तिने चष्मा सारखा केला आणि एक एक अक्षर जोडत सही केली. ही सही तिने प्रौढ शिक्षणाच्या वर्गात गिरवून शिकलेली आहे, आणि अंगठा मारायला लागत नाही याचा तिला केवढा अभिमान आहे.

अर्जावर साक्ष झाली. माय पिंजऱ्यात उभी राहिली, पदर डोक्यावर, मोडून बसलेलं मनगट कठड्यावर. समोरचे वकील उठले आणि अगदी गोड आवाजात विचारू लागले.

"आजी, मयतीच्या दिवशी तुम्ही त्यांच्या घरी गेल्या होत्या?"

"गेलती ना. पयला घास म्यानंच नेला. धुरेकरीन हावो मी त्याहीची."

आमच्या वकिलांनी डोळे मिटले. मी मागच्या बाकावर होते.

"आणि तेरवीला?"

"तेरवीले वांग्याची भाजी माया हातची व्हती. तुमी बी व्हते ना साहेब पंगतीत. दोनदा मांगून घेतली तुमी."

न्यायालयात हशा पिकला. मीही क्षणभर हसले असेन. म्हणजे त्या माणसाला तेराव्या दिवशीच ठाऊक होतं. आमच्या वांग्याची भाजी खाऊन, हात धुऊन, तो पुढे वर्षभर मेलेल्या पक्षकाराच्या वतीने तारखा घेत होता, नव्वद आणि साठ दिवस मोजत होता. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी मायचं वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायला लावलं. मग त्यांनी शपथपत्र हातात घेतलं आणि तिला विचारलं, "आजी, इथे तर लिहिलं आहे की तुम्हाला माहीत नव्हतं. ही सही तुमची?"

मायने कागद हातात घेऊन सही निरखली. "सही मायीच हाय."

"मग यात लिहिलेलं खरं की तुम्ही आता सांगता ते?"

तिने पिंजऱ्यातून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. तिला तिथेच, त्या क्षणी कळलं. "मी सांगून राह्यली ते खरं," ती म्हणाली. "लिवलेलं मले माईत नाई." कागदात काय आहे ते सांगणारी आपली पोरगी तिथे बसली आहे, हे ती म्हणाली नाही.

अर्ज फेटाळला गेला. निकालपत्रात समोरच्या वकिलांना दोन ओळींची समज आहे. पण पुढे जे आहे त्याचा अर्थ असा, की खेड्यातल्या वृद्ध बाईने अज्ञानामुळे उशीर झाला असं सरळ सांगितलं असतं तर सहानुभूतीने विचार करता आला असता. खोटं शपथपत्र घेऊन येणाऱ्याला ती सवलत देता येत नाही. मी ते वाचलं आणि माझ्या रागाला जायला जागाच उरली नाही. न्यायाधीशांवर ओरडावं, तर त्यांचं काय चुकलं? नियमावर ओरडावं, तर तो बहिरा आहे. त्या भाजीखाऊ वकिलावर ओरडून झालं, मनातल्या मनात शंभरदा. आमच्या वकिलांवर ओरडले, प्रत्यक्ष, त्यांच्या बैठकीत, चार पक्षकारांसमोर. उरले मी.

परतीच्या एसटीत माय खिडकीपाशी बसली होती. रिसोड फाटा आला. मग म्हणाली, "तू वाचलं व्हतं?"

"हो."

"मंग मले सांगतलं काहून नाई?"

मी काय सांगणार? की मला वाटलं तू भाबडी आहेस, खरं बोलून बसशील? ती खरं बोलूनच बसली होती, आणि ते आधीच कागदावर असतं तर कदाचित वाट मिळवून बसली असती. मी म्हटलं, "चुकलं माय." तिने तोंड फिरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत ती नाल्यातून पालकाचा भारा घेऊन आलीसुद्धा होती. पुढचे दोन महिने माझ्याशी ती कामापुरतंच बोलली. मी आणलेला कोणताही कागद, विजेचं बिल का असेना, शेजारच्या पोस्टमनकडून आधी वाचून घ्यायची. मला समोर बसवून त्याच्याकडून वाचून घ्यायची.

त्या आदेशाविरुद्ध आम्ही नागपूरला, उच्च न्यायालयाच्या खंडपीठात गेलो आहोत. तिथे सगळं इंग्रजीत चालतं. मायला समजत नाही, मला अर्धं समजतं. धुरेकऱ्यांच्या जागी आता काकी आणि त्यांचा मुलगा आहेत. प्रकरण प्रलंबित आहे. हा शब्दही पुस्तकात येतो, आणि मुलं त्याचा अर्थ विचारतात तेव्हा मी पूर्वी "निकाल न लागलेलं" असं सांगायचे. आता मी त्यांना नाल्याबद्दल सांगते. मुख्याध्यापकांना ते अभ्यासक्रमाबाहेरचं वाटतं. वाटू दे.

मागच्या महिन्यात काकी गेली. रविवार होता, मी केनवडलाच होते. सकाळी त्यांच्या घरून रडण्याचा आवाज आला आणि माय हातातली विळी टाकून धावली. मी घरातच थांबले. मोबाईल घेतला, नागपूरच्या वकिलांना फोन लावला आणि सांगितलं की उत्तरवादी क्रमांक एक आज मयत झाल्या, लगेच नोंद घ्या. ते म्हणाले, मुलगा रेकॉर्डवर आहेच, घाबरू नका, मी लेखी कळवतो, फक्त नेमकी वेळ आणि नंतर मृत्यूचा दाखला पाठवा. मी फोन ठेवून वळले तर माय दारात उभी होती. आंघोळीचं पाणी तापवायला मोठं पातेलं न्यायला परतली होती.

"कोनाले फोन केला?"

"वकिलांना."

"अजून तिरडी बांधली नाई पोरी," ती म्हणाली. "तिचा जीव आपल्या पोराले पाहून राह्यला असन अजून."

मला वाटलं ती रागावेल. ती रागावली नाही, आणि ते मला जास्त लागलं. मी म्हटलं, "माय, मागच्या वेळी सांगितलं नाही म्हणून तर..." तिने हाताने थांबवलं. तिला ते माहीत होतं. मला काय म्हणायचं आहे आणि ते बरोबर आहे, हे दोन्ही तिला माहीत होतं.

दुपारी माणसं माती देऊन परतली. मायने पिठलं केलं, भाकरी थापल्या, टोपली भरली आणि ती उचलण्याऐवजी माझ्यासमोर सरकवली. "तू ने," ती म्हणाली. "पयली खबर तूच देली ना."

मी टोपली घेऊन निघाले. त्यांच्या घराच्या कडेलाच वाटेचं तोंड आहे, तिथल्या तारेला वळसा घालून त्यांच्या अंगणात शिरले. काकींची सून ओट्याला टेकून बसली होती. तिने मला पाहिलं, टोपली पाहिली आणि तिला रडू फुटलं. मी तिच्याजवळ बसले, तिचा हात हातात घेतला आणि अशा वेळी सगळेच विचारतात ते विचारलं.

"किती वाजता गेल्या गं?"

"साडेसात झाले असतील," ती हुंदके देत म्हणाली. "चहा मांगतला व्हता. मी आनेपर्यंत..."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. साडेसात, मी मनात म्हटलं. विसरू नये म्हणून पुन्हा एकदा म्हटलं. मग टोपलीवरचं फडकं काढलं, भाकरीचा तुकडा मोडून पिठल्यात बुडवला आणि तिच्या तोंडाशी नेला.